यूएक्स डिझायनरकडून ॲप सुधारून घेतलं, ४ स्टार

आमच्या अपॉइंटमेंट बुकिंगच्या ॲपसाठी एका फ्रीलान्स यूएक्स डिझायनर (ॲप वापरायला सोपं करणाऱ्या) मॅडमना काम दिलेलं. शिक्षण सायकॉलॉजीचं, डिझाइनची डिग्री नाही, त्यामुळे आधी जरा धाकधूकच होती. पण पोर्टफोलिओत नुसत्या चकचकीत स्क्रीन नव्हत्या, कुठे चुकलं आणि मग काय बदललं तेही सरळ लिहिलेलं, तिथेच पटलं.

पहिले दोन आठवडे एकही स्क्रीन नाही! मी वैतागलो. मग त्यांनी पाच जणांना ॲप हातात देऊन बसवलं (ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातला तज्ज्ञ जेकब निल्सन म्हणतो ना, पाच युजर बसवले तरी बहुतेक घोळ कळतात) आणि चार जण तारखेच्या पानावरच अडकले, एक काका तर 'पुढे' बटण समोर असून शोधतायत, कारण आम्ही त्यावरची अक्षरं फिक्या करड्या रंगात ठेवलेली. डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट-ॲप सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम) एए लेव्हलला साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ लागतो हे मला तेव्हा कळलं.

एक स्टार कापला तो हँडओव्हरचा, म्हणजे डिझाइन आमच्या डेव्हलपरकडे सोपवण्याचा. फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये लेयरची नावं 'फ्रेम ४५७' असली, आमचा डेव्हलपर दोन दिवस नुसता शोधत बसला होता.