विमानातल्या गॅलीचा गारवा: पायथन, ओपनमॉडेलिका की सीएफडी?

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, रेफ्रिजरेशनचं सिम्युलेशन हा विषय घेतलेले ग्रुप सॉफ्टवेअर कसं निवडतात? सिनियरच्या लॅपटॉपवर जे आधीच टाकलेलं असेल ते. म्हणून मी वापरलेले तीन मार्ग शेजारी शेजारी मांडतो. तिन्ही फुकट आहेत, त्यामुळे खर्चाचा मुद्दा नाही.

आधी काम समजून घ्या. जेवण जमिनीवरच शिजतं, थंड होऊन ट्रॉलीत भरलं जातं. गॅलीनं ते साधारण 5 अंशांच्या खाली टिकवायचं. (विमानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली असती तर हा प्रोजेक्टच निघाला नसता.)

पायथन आणि कूलप्रॉप (रेफ्रिजरंटचे गुणधर्म देणारी लायब्ररी) घेतलं तर पहिलं उत्तर एका संध्याकाळीत मिळतं. रेफ्रिजरंट (यंत्रात फिरून उष्णता वाहणारा पदार्थ) आर-134ए, उष्णता शोषणारा इव्हॅपोरेटर उणे 10 अंश, ती बाहेर टाकणारा कंडेन्सर 50 अंश: दाब साधारण 2 आणि 13 बार. कंडेन्सर 60 वर गेला की वरचा दाब 17 बारच्या आसपास. कॉम्प्रेसर निवडायला एवढं पुरतं. फक्त हे स्थिर अवस्थेचं गणित आहे, त्यात घड्याळ नाही.

कंडेन्सर गरम का होतो, हे मात्र याच कोडमध्ये तपासा. उड्डाणात केबिनमधला दाब जास्तीत जास्त 8,000 फुटांवरच्या हवेइतका उतरू शकतो, म्हणजे सुमारे 75 किलोपास्कल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, इथे तो 96 च्या आसपास. पंखा फिरतो तेवढाच, पण त्याच तापमानाची हवा पाचव्या हिश्श्याहून जास्त विरळ. वस्तुमान कमी, म्हणून उष्णता उचलणंही कमी. लॅबमधल्या हवेची घनता तशीच कोडमध्ये टाकणारे ग्रुप मी बरेच पाहिलेत, आणि त्यांचा कंडेन्सर कागदावर नेहमी खूश असतो.

ओपनमॉडेलिका हे वेळेनुसार बदलणाऱ्या यंत्रणांचं मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात घड्याळ येतं. समजा ट्रॉलीत 30 किलो अन्न आहे, विशिष्ट उष्मा किलोला दर अंशामागे 3.5 किलोज्यूल, आणि ते 10 वरून 4 अंशांवर आणायचंय. म्हणजे 630 किलोज्यूल. तासाभरात काढायचे तर सरासरी 175 वॅट. पण सरासरीनं कोणाचं भलं होत नाही. सुरुवातीला भार मोठा असतो, मग ट्रॉलीचं दार उघडतं, इव्हॅपोरेटरवर बर्फ साचतो, तो वितळवताना (डीफ्रॉस्टमध्ये) गारवा थांबतो. गॅलीचा खरा प्रश्न इथेच आहे. स्टँडर्ड लायब्ररीत आर-134ए आहे, तरी सुरुवातीच्या किमती चुकल्या की सॉल्व्हर पहिल्याच सेकंदाला हात टेकतो. दोन आठवडे त्यातच जातील, हे धरून चाला.

एक्झामिनर विचारणारच, कॉम्प्रेसर कशाला, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) का नाही? तेच 630 किलोज्यूल सव्वा किलोहून कमी ड्राय आइस शोषून घेतो. फक्त तो संपतो, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड केबिनच्या हवेत जातो.

ओपनफोम या सॉफ्टवेअरमधली सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित) व्हायव्हाला सगळ्यात देखणी दिसते. थंड हवा ट्रॉलीच्या आतून न्यायची की बाहेरून फिरवायची, आणि मधल्या ट्रेपर्यंत गारवा पोचतो का, हे तीच सांगते. पण रेफ्रिजरंटबद्दल त्यातून काही कळत नाही. मी एकदा रात्रभर रन लावला, मधले टप्पे सेव्ह करायचं विसरलो आणि पहाटे लाइट गेली.

दोघांचा ग्रुप आणि एक सेमिस्टर असेल तर आधी पायथन, मग त्याच आकड्यांवर ओपनमॉडेलिका. ट्रेच्या मांडणीवरच प्रोजेक्ट असेल तरच सीएफडी.

मॉडेल पडताळायला विमान लागत नाही. कॅन्टीनच्या व्हिसी कूलरमध्ये (काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये) तापमान मोजणारे चार थर्मोकपल लावा, कोमट पाण्याच्या बाटल्या भरा आणि दर मिनिटाला तापमान टिपा. हे मे महिन्यात दुपारी करा. कडक उन्हाळ्याची चाचणी सोलापूर आपणहून घेतं.