वाफेचं इंजिन, जुनं विमान की बंद कारखाना: कॅमेरा आधी कुठे वळवायचा?

वाफेचं रेल्वे इंजिन, पंख्याचं लढाऊ विमान आणि थंड पडलेली झोतभट्टी (कारखान्यातली लोखंड गाळायची उंच भट्टी) हे तिन्ही विषय लांबून एकाच छंदातले वाटतात. लोखंड, तेल, रिव्हेट आणि भूतकाळ सगळीकडे सारखाच. प्रत्यक्षात तिन्हींच्या मागण्या इतक्या वेगळ्या आहेत की एकात रमलेला माणूस दुसऱ्यात लगेच वैतागू शकतो. म्हणून कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: फोटो चुकला तर दुसऱ्या संधीसाठी किती थांबायची तयारी आहे?

रेल्वेत ती संधी तासा-दोन तासांनी येते. विमान दोन-तीनदा समोरून जातं आणि उतरतं, मग पुढचा एअर शो येईपर्यंत विषय संपला. कारखान्यातलं यंत्र जागचं हलतच नाही. यावरून कारखाना सगळ्यात सोपा असं वाटेल, पण तिथे वेगळीच गोम आहे.

रेल्वे: कॅमेऱ्यापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं

ब्रिटनमधल्या बहुतेक हेरिटेज मार्गांवर, म्हणजे जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या मार्गांवर, ताशी २५ मैलांची, म्हणजे साधारण ४० किलोमीटरची मर्यादा असते. या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/५०० सेकंद ठेवला तर तेवढ्या वेळात ती जेमतेम २ सेंटिमीटर सरकते, आणि गाडी तिरक्या कोनातून आपल्याकडे येत असेल तर फोटोत तेही जाणवत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्ससुद्धा इथे पुरते. नव्या लेन्सची घाई करणारे पुष्कळ असतात. इथे आधी जागा बघावी लागते.

वाफ मुळात अदृश्य असते. धुराड्यावरचा पांढरा लोट म्हणजे हवेत निवून तयार झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यामुळे कडक उन्हाळ्यात धुराड्यातून काही निघतंय की नाही अशी शंका येते, आणि थंडीच्या सकाळी तेच इंजिन आभाळ भरून टाकतं. शिवाय इंजिन कष्ट करत असेल तरच लोट उठतो: चढणीवर किंवा स्टेशनातून सुटताना. उतारावर ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, बंद करतो आणि गाडी नुसती घरंगळत येते. कितीही सुंदर दरी मागे असली तरी अशा जागी उभं राहू नये.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. शेवटच्या स्टेशनात टर्नटेबल (इंजिनाचं तोंड फिरवणारी चकती) नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो नसतोच, तर इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) पुढे करून उलटं परततं. वेळापत्रकात दहा गाड्या दिसल्या तरी धुराडं पुढे असलेल्या पाचच. त्या पाच चढणीच्या दिशेच्या आहेत की उताराच्या, आणि त्या वेळी ऊन रुळांच्या कोणत्या बाजूला असेल, हे आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवलं की उरतं ते वाट पाहणं. ज्यांना वाट पाहणं आवडत नाही त्यांनी ही शाखा इथेच सोडावी.

एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा याचा, घोळ मात्र खरा आहे. काळं इंजिन फ्रेमभर असलं की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो जास्त उजळ करतो आणि पांढऱ्या वाफेतले सगळे बारकावे जातात. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढायचं, वाफ जपायची आणि चाकांमागची सावली नंतर उजळायची. सूर्य खाली असताना बॉयलरच्या कडेवर सोनेरी रेघ उमटते, ती हवी असेल तर दिवसाचा पहिला आणि शेवटचा तासच कामाचा.

विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने तर सूर्याची कटकटच काढून टाकली. १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं त्याने मुख्यतः रात्री टिपली, अनेक फ्लॅश बल्ब तारांनी जोडून एकदम उडवत. बल्ब एकदाच जळतो, म्हणजे रेल्वेने दिलेली दुसरी संधी त्याने स्वतःहून नाकारली. १९५६ साली अमेरिकेतल्या आयेगर गावात काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध फोटोत मोटारीत बसून सिनेमा पाहणारं जोडपं आहे, पडद्यावर जेट विमान आहे आणि मागून मालगाडी धडधडत चाललीय. पडद्यावरचं विमान त्याने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून जोडलं. शुद्धतावाद्यांनी याची नोंद घ्यावी.

आज अशा फोटोंसाठी खास गाड्या भाड्याने घेतल्या जातात. ठरलेल्या जागी छायाचित्रकारांना उतरवून गाडी मागे नेतात आणि पुन्हा पळवत आणतात, हवं तर तीन-तीनदा. सोय उत्तम. पण मागणीनुसार सोडलेला काळाकुट्ट धूर मला खटकतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, आणि कसलेला फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) तो टाळायला बघतो.

छोटी लेन्स घेऊन जवळ जायचं असेल तर दार्जिलिंगची गाडी पाहावी. १८८१ सालची, २ फुटी गेजची (रुळांमधल्या अंतराची) ही रेल्वे जागोजागी रस्त्याला चिकटून, घरांच्या ओट्यांजवळून जाते. १९९९ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. बर्फ आणि वाफ एकत्र हवी असेल तर जर्मनीतल्या हार्झ पर्वतात ब्रोकनच्या १,१२५ मीटर उंचीवरच्या स्टेशनापर्यंत वाफेच्या गाड्या हिवाळ्यातही जातात.

विमान: हात आणि लेन्स, दोन्ही लांब हवेत

इथे खर्च सुरू होतो. उडतं विमान प्रेक्षकांपासून काहीशे मीटर दूर असतं. दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स लागते; ४०० मिलिमीटरच्या आतली असेल तर फोटोत आभाळच जास्त येतं. रेल्वेवाल्याची लेन्स घेऊन एअर शोला जाणं म्हणजे दिवसभर मान वर करून फिरणं.

पण महागडी लेन्स घेतली म्हणजे सुटलात असंही नाही, कारण पंखा. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनाचे जास्तीत जास्त फेरे मिनिटाला ३,००० असतात, आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्म्याहून थोडा कमी फिरतो, म्हणजे सेकंदाला साधारण २४ फेरे. १/१००० ला फोटो काढला तर पाती जेमतेम ९ अंश सरकतात आणि ती गोठलेली दिसतात. विमान दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखं वाटतं. १/१२५ ला पाती सुमारे ७० अंश फिरतात. तीन पात्यांमधलं अंतर १२० अंशांचं, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा भरते आणि पंखा जिवंत दिसू लागतो. पूर्ण चकती हवी असेल तर १/६० पर्यंत खाली यावं लागतं. लांब लेन्स हातात धरून, ताशी काहीशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानामागे कॅमेरा फिरवत १/६० ला धारदार फोटो येणं हे कौशल्य आहे आणि ते हळूहळूच येतं. बहुतेक फोटो हलणार, हे गृहीत धरूनच जावं.

म्हणून नवख्याने जुन्या जेटपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. जेटला पंखा नाही, १/१००० ला बिनधास्त काढता येतं, आणि कॅमेरा फिरवण्याची सवय आधी बसते.

मीटर इथे रेल्वेच्या उलट फसतो. मागे उजळ आभाळ असल्यामुळे विमान काळवंडतं, म्हणून एक्स्पोजर कंपन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतकं, वर न्यावं. दुपारी धावपट्टीवरची तापलेली हवा थरथरते आणि दूरचं विमान पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. यावर कुठल्याच लेन्सचा इलाज नाही. तेव्हा उभ्या विमानांकडे वळावं.

जागेची निवड रेल्वेइतकी आपल्या हातात नसते. प्रेक्षकांची रेषा आयोजक आखतात. इंग्लंडमध्ये डक्सफर्डच्या विमानतळावर प्रेक्षकांचं तोंड साधारण दक्षिणेला असतं, म्हणजे दिवसाचा बराच वेळ उन्हाकडे बघून फोटो. तिथल्याच ओल्ड वॉर्डनच्या विमानतळावर ही रेषा मध्येच वळते, त्यामुळे विमानं आपल्याभोवती वळसा घेत जातात आणि त्यांची वरची बाजू दिसते. विमानाचं पोट सगळ्यांच्याच संग्रहात असतं, पाठ दिसणं दुर्मिळ. तिथल्या शटलवर्थ संग्रहात १९०९ सालचं ब्लेरियो विमान आहे. ते वारा पूर्ण पडला असेल तरच, बहुधा संध्याकाळी, धावपट्टीवरून थोडंसं उचललं जातं. वारा असला तर तुम्ही कितीही दुरून आला असलात तरी ते हँगरमध्येच राहतं.

शिवाय विमानांच्या बाबतीत "पुढच्या वर्षी काढू" हे धोक्याचं. बी-२९ बॉम्बर जवळपास ४,००० बांधली गेली, आज उडण्याजोगी दोनच आहेत. व्हल्कन एक्सएच५५८ या ब्रिटिश जेट बॉम्बरने २०१५ साली शेवटचं उड्डाण केलं. ते आता जमिनीवरच दिसतं. रेल्वे इंजिनंही गायब होतात, ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांनी बॉयलर उघडून पूर्ण दुरुस्तीला जातो, पण पैसे जमले की बहुतेक परत येतात.

कारखाना: विषय हलत नाही, दार उघडत नाही

ट्रायपॉड, आयएसओ १०० (सेन्सरची कमी संवेदनशीलता), एफ/८ किंवा एफ/११ (लेन्सचं छोटं छिद्र), आणि हवा तेवढा वेळ. तांत्रिकदृष्ट्या ही शाखा सर्वात स्वस्त. अडचण दोन प्रकारची. पहिली परवानगीची: चालू कारखाना सहसा आत घेत नाही, आणि बंद कारखान्यात गुपचूप शिरणं हा बेकायदेशीर मूर्खपणा आहे. सडलेल्या जाळ्या, उघडे खड्डे आणि ॲस्बेस्टॉस या तिन्हींचा अंदाज बाहेरून येत नाही. दुसरी अडचण जास्त नाजूक. संधी अमर्याद मिळाली की माणूस आळशी होतो. समोर उभं राहून चाळीस फोटो काढतो आणि चाळीसही सारखेच निघतात.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने या सारखेपणाचंच शास्त्र केलं. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे एकाच पद्धतीने टिपले: मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा, समोरासमोरचा कोन, ढगाळ आभाळ, सावली नको, माणूस नको. मग एकाच जातीच्या नऊ किंवा पंधरा वास्तू शेजारी मांडल्या की फरक बोलू लागतात. रेल्वेवाला ज्या मळभाला शिव्या देतो, त्या मळभाची हे दोघे वाट पाहत. १९९० च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं, छायाचित्रणाचं नव्हे.

अधिकृतपणे आत जाता येतील अशा जागा जर्मनीत मुबलक आहेत. फोल्कलिंगेनचा लोखंड कारखाना १९८६ साली बंद झाला आणि १९९४ मध्ये जागतिक वारसा ठरला. सहा झोतभट्ट्या रांगेत उभ्या आहेत. डुइसबुर्गचा बंद कारखाना आता सार्वजनिक उद्यान आहे, रात्री रंगीत दिव्यांनी उजळलेलं. तिथे सूर्य मावळल्यावर आभाळ निळं असेपर्यंतचा अर्धा तास सोन्याचा. चालतं यंत्रच हवं असेल तर इंग्लंडमधल्या क्रॉफ्टनला १८१२ सालचं बीम इंजिन (डोलत्या तुळईचं यंत्र) अजून मूळ जागी, वाफेवर पाणी उपसतं, पण ठरावीक दिवशीच. तुळई संथ डोलते. अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरला भिंत स्थिर आणि तुळई धूसर असा फोटो मिळतो.

एक खर्च वाचवता येईल: उघड्या धातूवरची चमक पोलरायझर फिल्टरने (चकाकी कमी करणाऱ्या काचेने) जात नाही. तेलकट दांड्यांची चकाकी घालवायला तो विकत घेऊ नका, कोन बदला.

मग निवड

लेन्स साधी आहे, वेळ आहे, डोंगर-नदीसकट फोटो आवडतात: रेल्वे. माझ्या मते दहातल्या सात जणांनी इथूनच सुरुवात करावी, कारण तास-दोन तासांचं अंतर शिकायला नेमकं आहे. चूक स्क्रीनवर पाहता येते, जागा दहा पावलं बदलता येते आणि पुढची गाडी येतेच.

गर्दी चालते, हात स्थिर आहेत, शंभरातले पाच फोटो चांगले आले तरी मन भरतं: विमान. एकट्याने, शांतपणे, रेषा आणि आकार बघायचे आहेत, हवा कशीही असली तरी चालते: कारखाना. पावसाळी प्रदेशात राहणाऱ्याला तर कारखानाच परवडतो. ढगांमुळे रेल्वे आणि विमान या दोन्ही शाखांचे निम्मे दिवस फुकट जातात.

विमानाकडे ओढा असेल तर ४०० मिलिमीटरची लेन्स लगेच विकत घेऊ नका. एका एअर शोपुरती भाड्याने घ्या, आणि त्याआधी घराजवळच्या रस्त्यावर धावत्या सायकलींवर १/६० ला कॅमेरा फिरवून पाहा. सायकलस्वाराचा चेहरा धारदार येऊ लागला की मग पैशांचा विचार करा.