बैलगाडी रद्द, गोठा बंद, तरी पैसे वसूल: रतनवाडीकडचा आमचा मुक्काम, ऑक्टोबर २०२२

आमची अकरा जणींची भिशी. वर्षाला एक सहल, आणि ती ठरवायचं काम माझ्या गळ्यात, कारण मी बँकेत कॅशियर होते म्हणून माझा हिशोब चुकत नाही असा सगळ्यांचा समज. यंदा कोजागिरी अकोले तालुक्यात करायची ठरली. टाहाकारीचं जगदंबेचं देऊळ, रतनवाडीचं अमृतेश्वर, बैलगाडीतून शिवारफेरी, गोठ्यात धार काढून बघणं, रात्री चुलीवर आटवलेलं दूध. माणशी अठराशे रुपये, बैलगाडीचे दोनशे वेगळे.

आणि मग लम्पी आला, गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग. ऑगस्टात जळगावकडे पहिली जनावरं सापडली, सप्टेंबरात सरकारनं अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. बैलबाजार, शर्यती, प्रदर्शनं, जनावरांची ने-आण, सगळ्याला बंदी. मी दोन ठिकाणी बोलणी लावून ठेवली होती, दोघांनाही फोन केला. एक सहलवाला (नाव नको) म्हणाला, "लम्पी-बिंपी काही नाही मॅडम, पेपरवाले वाढवून लिहितात. कार्यक्रम आहे तस्साच होणार, वासरांबरोबर फोटो काढा." दुसरा फोन आम्ही शेवटी जिथे राहिलो त्या घरच्या दादांना. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमच्यात कुणाच्या घरी जनावरं आहेत का?"

खरं सांगते, रागच आला. पैसे आम्ही देणार आणि चौकशीही आमचीच! पण आमच्या सिन्नरच्या वहिनींकडे पाच संकरित गाई आहेत, ते सांगावं लागलं. दादा म्हणाले, बैलगाडी होणार नाही. बैल खालच्या गावचे, ते आणायचे नाहीत. गोठाही बंद. "आमच्या डांगी गाईंना लस देऊन तीनच दिवस झालेत. अंगात ताकद यायला तीन आठवडे लागतात, तोवर पाहुणे लांबूनच." ही लस म्हणजे शेळ्यांच्या देवीची, गाईंना त्या वेळी तीच टोचत होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वहिनींसाठी निरोप वेगळा: गोठ्यातल्या चपला आणि कपडे घालून येऊ नका. "लम्पी मुख्यतः माशा, डास, गोचिडांनी पसरतो, मला माहिती आहे. पण लाळ-खुरकत चपलेला लागून येते, आम्ही ते एकदा भोगलंय." बैलगाडीचे बावीसशे रुपये त्याच संध्याकाळी परत आले, न मागता.

मी दादांकडेच नक्की केलं. बाकीच्या दहा जणींना पटवायला मात्र दोन दिवस लागले.

रविवारी, ९ ऑक्टोबरला गेलो. वाटेत टाहाकारी. आढळा नदीच्या काठावरचं हे देऊळ, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे कोरलेल्या अप्सरा. आम्ही अर्धा तास ठेवला होता, दीड तास गेला. नेहमीच्या घाईच्या सहलीत हे झालंच नसतं. बैलगाडी गेल्यामुळे वेळ हातात होता. अमृतेश्वराला भूमिज पद्धतीचं शिखर आहे, छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा वरपर्यंत चढत जातात. पाठीशी रतनगड, आणि जवळच पुष्करणी, तिच्या कोनाड्यांत मूर्ती. पावसानं दगड काळाभोर झाला होता. रबरी चप्पल घालून गेलात तर पाय घसरणार. आमच्या एकीचा घसरला.

बैलगाडीऐवजी दादांच्या पुतण्यानं आम्हाला पायी फिरवलं, बांधावरून. खुरासणी पिवळी फुललेली. गावाबाहेर झाडाखाली एक वीरगळ होती, अर्धी मातीत. मुलगा खाली बसला, हातानं चिखल पुसला आणि खालच्या चौकटीतल्या गाई दाखवल्या. गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना जो मेला, त्याचा हा दगड. वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर तो शिवपिंडीची पूजा करतोय. सिन्नरच्या वहिनी तिथून लवकर हलल्या नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याची गाभण गाय आठवड्यापूर्वीच गेली होती, हे त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं.

आता दुधाची गंमत. लम्पीच्या गाईचं दूध प्यायलं की माणसाला रोग होतो, असा एक व्हॉट्सअ‍ॅप निरोप आमच्यातल्या दोघींच्या फोनवर येऊन बसलेला. संध्याकाळी त्यांनी कोरा चहा मागितला. दादांनी शांतपणे सांगितलं की हा रोग माणसाला होत नाही आणि दूध तर उकळूनच पितो आपण. ढिम्म. शेवटी दादांच्या आईंनी आटवलेल्या दुधाचा पहिला पेला स्वतः तोंडाला लावला. "आमची पोरं ह्याच दुधावर हायेत," एवढंच म्हणाल्या. मग त्या दोघींनी दोन-दोन पेले घेतले आणि वर केशर कमी पडलं म्हणाल्या! चंद्र बहुतेक वेळ ढगातच होता.

जेवण उत्तम. काळभात (तांदळाचा एक वाण), खुरासणीची चटणी, हुलग्याचे शेंगोळे. तिखट सांगून कमी करून मिळतं.

कमी काय? अकरा जणींना दोन संडास, त्यातल्या एकाची कडी लागत नाही. गाद्या दमट. फोनला रेंज फक्त ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. आणि दिवेलागणीला माशा-डासांसाठी गोठ्यात धूर करतात तो थेट खोल्यांत येतो. माझी शाल अजून त्या वासाची आहे. धुराची तक्रार मी केली नाही, पण दम्याचं माणूस बरोबर असेल तर मागच्या बाजूची खोली मागून घ्या.

लम्पीसारखी साथ चालू असताना कुठेही गावाकडे सहल ठरवत असाल तर फोनवर बैलगाडीचं विचारून बघा. "हो, आहे ना" असं पटकन उत्तर आलं तर बैल कुठून आणणार तेही विचारा. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की वासराला हात लावायला मिळणार नाही, नाहीतर तिथे रडारड होते. आमच्यात नात घेऊन आलेल्या एक आजी होत्या, त्यांना विचारा.

पाचपैकी चार. एक तारा कडीचा कापला.

वहिनी सोमवारी घरी पोहोचल्या, आंघोळ करूनच गोठ्यात गेल्या, आणि मंगळवारी सकाळी त्यांचा मला फोन: दादांचा नंबर दे, धुरात कडुनिंबाबरोबर आणखी काय घालतात ते विचारायचंय.