महात्मा फुले जनआरोग्य योजना: पाच लाखांच्या आकड्यापलीकडे

2012 मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत ही योजना सुरू झाली, तेव्हा रुग्णालयातल्या मोफत उपचारांची मर्यादा दीड लाखाची होती. आता ती 5 लाख आहे आणि पांढरं रेशनकार्ड असलेलेही तिच्यात बसतात. याचं मोल डायलिसिसवरच्या रुग्णाच्या घरी कळतं. कारण ही रक्कम माणशी नाही, अख्ख्या कुटुंबाला वर्षभरासाठी असते. एका वेळचे 1500 रुपये धरा, आठवड्यातून तीनदा. दीड लाख 33 आठवड्यांत संपतात. पुढच्या साडेचार महिन्यांत घरातल्या कुणाला अपघात झाला, तर कार्डावर काहीच शिल्लक नाही. मर्यादा पुन्हा खाली आणली, तर पहिला घाव याच घरांवर बसेल.

पण आमच्या मते योजनेचा खरा आधार बारीक तरतुदींत आहे. पॅकेजमध्ये, म्हणजे एका उपचारासाठी ठरलेल्या रकमेत, तपासण्या, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण, डिस्चार्जनंतर 10 दिवसांची औषधं आणि घरी परतायला एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं धरलेलं असतं. रुग्ण दगावला तर मृतदेह गावी पोचवणंही. बचत करायला बसलं की अशाच गोष्टींवर आधी हात पडतो. ही 10 दिवसांची औषधं गेली, तर मजुरीवर जगणारा माणूस अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यावर सोडतो आणि टाके पिकले की पुन्हा दाखल होतो. यात बचत कसली?

आजच जिथे अडतं, ते कागदावर. रेशनकार्डावर ‘सुमनबाई’ आणि आधारवर ‘सुमन’. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात. बाळाचं नाव कुठेच नाही. बीडहून सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं कार्ड गावी पेटीत. त्यामुळे नावांची दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा विभागात आजारपण येण्याआधीच करून घ्या. कार्डाची दोन्ही बाजू आणि बारा अंकी नंबर दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

रुग्णालय योजनेत आहे का, हे 155388 वर विचारून मगच जा. दाखल होतानाच आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) टेबलावर नोंद करा. आधी रोख भरून नंतर कार्ड दाखवणाऱ्यांचे पैसे बहुतेकदा अडकतात. ओपीडीचा खर्च मिळत नाही. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, तेव्हा खासगीत ‘बसत नाही’ म्हणाले तर कारण विचारा आणि जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं तेही तिथेच विचारून घ्या. मंजुरीनंतर कुणी ‘वरचे’ पैसे मागितले, तर पावती मागा. पावती हातात असेल तर जिल्हा समन्वयकाकडे तक्रार टिकते, नुसत्या तोंडी सांगण्यावर टिकत नाही.