यिशिंगचे जुने टीपॉट : ७०, ८० आणि ९० च्या दशकातले, तिन्ही रोज वापरून

माझ्याकडे यिशिंगच्या, म्हणजे चीनमधल्या मातीच्या टीपॉटसाठी प्रसिद्ध शहरातल्या, फॅक्टरी वन या मोठ्या कारखान्याचे तीन टीपॉट आहेत. तिन्ही श्वेपिंग आकाराचे, म्हणजे छोटे, गोलसर, सरळ तोटीचे, पण दशकं वेगवेगळी, आणि चहा ओतायला घेतला की फरक लगेच कळतो.

आधी शिक्क्याबद्दल बोलते कारण नवीन लोक तिथेच फसतात. बुडाला हुई मंगछनचं नाव दिसलं की वाटतं अरे हा तर सतराव्या शतकातला, पण ते नाव त्या जुन्या कारागिराच्या मानासाठी नंतरचे लोक शतकानुशतकं मारत आलेत, फॅक्टरी वनने सुद्धा एक्सपोर्टच्या मालावर मारलंय. त्यामुळे शिक्का बघून काळ ठरवू नका, झाकण काढा आणि आत बघा.

सत्तरच्या दशकातला माझा सगळ्यात आवडता. आत तोटीच्या तोंडाशी एकच भोक आहे, भिंत पातळ, आणि उन्हात धरला की लाल मातीत बारीक कण चमकतात. एकच भोक म्हणजे तुटकी पानं असली की तोटी तुंबते, त्यामुळे यात फक्त गोळी वळलेला उलाँग (अर्धवट आंबवलेला चिनी चहा) टाकायचा, पण धार काय सुंदर पडते, आणि झाकणावरच्या भोकावर बोट ठेवलं की तिथल्या तिथे थांबते.

ऐंशीच्या दशकातल्यात आत घुमटासारखी जाळी आहे, जपानी गिऱ्हाईकांच्या मागणीमुळे ही आली असं सांगतात. पानं कसलीही चालतात, म्हणून पहिलाच घेणार असाल तर मी हाच घ्या म्हणेन.

नव्वदचा ठीकठाक. भिंत जाड, हातात जड, झाकण थोडं हलतं. चहा वाईट होत नाही पण ती मजा नाही. त्यानंतरच्या मालाबद्दल जास्तच जपून, कारण ह्वांगलोंग डोंगरातली या मातीची खाण २००५ च्या सुमारास बंद झाली आणि २०१० ला चीनच्या सरकारी टीव्हीने मातीत रंगासाठी केमिकल मिसळतात ते उघडं पाडलं.

कू चिंगचौसारख्या मोठ्या कारागिरांची भांडी आपल्या आवाक्यातली नाहीत, ती लिलावात जातात, त्यांचा विचार सोडा. फॅक्टरीचा साधा माल मात्र चहाला एक नंबर.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे तोटीच्या आतला, झाकणाच्या खालच्या बाजूचा आणि बुडाचा फोटो मागा, तिन्ही दिवसाच्या उजेडात काढलेले. आतल्या कोपऱ्यात चहाचा डाग एकसारखा काळा आणि बाहेर तेलकट चकाकी असेल तर तो मुद्दाम जुना केलेला असू शकतो. आणि घरी आल्यावर पहिल्यांदा साध्या पाण्यात मंद उकळून घ्या, साबण अजिबात लावू नका, बिनग्लेझच्या, म्हणजे वरून काचेसारखा लेप नसलेल्या, मातीत वास बसला की जाता जात नाही.