टेफ्लॉन अस्तराचा १०० मिलि ऑटोक्लेव्ह: तारा होतात, चुंबकत्वाचं काय?

कोबाल्ट मिसळलेल्या झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा करायच्या आणि चुंबकत्व मोजायचं, हा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा नेहमीचा विषय. त्यासाठी तालुक्याच्या कॉलेजांत ऑटोक्लेव्ह, म्हणजे द्रावण दाबाखाली तापवायचं हे बंद भांडं, घेतलं जातं: आत टेफ्लॉन, बाहेर ३०४ स्टील, आट्यांचं झाकण.

तारा उत्तम होतात. ७० मिलि डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढलेल्या) पाण्यात झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.४९५ ग्रॅम, कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.०२५ ग्रॅम (५ टक्के) आणि हेक्झामाइन ०.२४५ ग्रॅम; ९० अंशांवर ६ तास. जाड स्टील तापायला वेळ घेतं, तो वेगळा धरा. मधेच लाइन गेली तर तेच स्टील ऊब धरून ठेवतं, हा आपल्याकडे मोठाच फायदा. पूड हिरवट झाली तर कोबाल्ट झिंक ऑक्साइडच्या स्फटिकजाळीत बसल्याची ती चांगली खूण. खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी अजिबात नको. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी फार तर काच धुवायला.

अडचण मोजणीत येते: भांड्यातून नमुन्यात आलेलं कणभर लोखंडही चुंबकत्व दाखवतं. १ मायक्रोग्रॅम लोखंड सुमारे ०.०००२ ईएमयू (चुंबकत्व मोजायचं एकक) देतं. नमुना २० मिलिग्रॅमचा असेल तर ते ०.०१ ईएमयू प्रति ग्रॅम झालं, आणि अशा तारांसाठी छापून येणारे कित्येक आकडे याच घरातले असतात! ३०४ला चुंबक चिकटत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आटे घासून पडलेला चुरा चुंबकाकडे ओढला जाऊ शकतो. अस्तराचं झाकण वाकडं झालं की वाफ स्टीलपर्यंत जाते, गंज धरतो आणि उघडताना तो आत पडतो. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याच्या चाचणीत) इतकं लोखंड दिसत नाही. तडा गेलेला स्टरर बार आणि स्टीलचा चिमटा हेही तसेच गुन्हेगार.

म्हणून अस्तर रात्रभर पातळ नायट्रिक आम्लात ठेवा (स्टील नाही), मग कोबाल्ट न घालता एक खेप काढा. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर) तिची रेषा सरळ आणि खाली उतरणारी यायला हवी. तिथेच लूप (लोहचुंबकत्वाची खूण असलेला बंद वळसा) दिसला तर पुढचे नमुने पाठवून मोजणीची फी वाया घालवू नका.

खरं तर ९० अंशांच्या कृतीला निळ्या झाकणाची बोरोसिलिकेट बाटली पुरते आणि स्टीलचा संबंधच येत नाही. १८० अंशांची सोडियम हायड्रॉक्साइडची कृती करायची असेल तरच ऑटोक्लेव्ह घ्या. ८० टक्क्यांवर भरू नका, गरम असताना उघडू नका, आणि ऑर्डर देतानाच अस्तराचं एक जादा झाकण मागवा.