डिस्क्लोजरचा ‘अल्केमी’, काही महिन्यांनंतर: बेस झकास, इंट्रोत कंजुषी

डिस्क्लोजर कोण, हे सांगत बसत नाही. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या रायगेटचे, हाउस (इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) करणारे हे दोघे भाऊ, गाय आणि हॉवर्ड लॉरेन्स. ज्यांनी त्यांचा २०१३ चा ‘सेटल’ हा अल्बम वाजवून वाजवून झिजवलाय, त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

त्यांचा ‘अल्केमी’ हा अल्बम मी इतके दिवस स्ट्रीमिंगवर ऐकत होतो. मग नूतनीकरणाचे पैसे कापले गेले, सबस्क्रिप्शन मात्र चालू होईना आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेली सगळी गाणी करडी पडली. कस्टमर केअरचं एकच पालुपद: ॲप काढून पुन्हा टाका. वैतागलो आणि अल्बमच्या फाइल्स विकतच घेतल्या. पदरचे पैसे मोजले की कान जरा जास्तच टवकारतात.

तर तक्रार इंट्रोची, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या तुकड्याची आहे. बहुतेक गाणी साडेतीन मिनिटांच्या आसपास आटोपतात. हेडफोनवर ऐकणाऱ्याला त्याचं काही नाही, पण घरी छोट्या डीजे कंट्रोलरवर मिक्सिंग (एका गाण्यात पुढचं गाणं मिसळणं) करणाऱ्याचे हाल होतात. मिनिटाला १२४ ठोक्यांच्या टेम्पोला सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार) म्हणजे साधारण ३१ सेकंद. तेवढा वेळ नुसता किक (ड्रमचा जाड ठोका), मधल्या जागेत हाय-हॅट (झांजेचा आवाज), दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला क्लॅप एवढंच चालू असलं, की आधीच्या गाण्याचा बेस उतरवत नवं गाणं अलगद आत घेता येतं. इथे हात नॉबवर जाईपर्यंत कॉर्ड सुरू! दोन बेसलाइन एकमेकींवर चढल्या की नुसता चिखल. म्हणून पहिले चार बार लूपवर फिरवत ठेवतो आणि वेळ मारून नेतो. बारा इंची रेकॉर्डच्या जमान्यात हाउसवाले डीजेसाठी सुरुवातीला आणि शेवटी ऐसपैस जागा सोडायचे. आता ३० सेकंद ऐकलं की स्ट्रीम मोजला जातो, मग ती नुसत्या ड्रमवर कोण घालवणार?

जुलै २०२३ मध्ये हा अल्बम आला तेव्हा मी नाकच मुरडलं होतं. पाहुणा गायक नाही, सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) नाही, मग उरलं काय? २०२० च्या ‘एनर्जी’वर केलिस होती, कॉमन होता, फातूमाता जावारा होती. २०१२ च्या ‘लॅच’मध्ये तर सॅम स्मिथचा आवाज पहिल्यांदा एवढ्या लोकांपर्यंत पोचला.

आता मत पालटलंय. मोठ्या नावाचा आवाज मध्ये नसला की कान आपसूक खाली, बेसकडे जातात, आणि या दोघांचं खरं काम तिथेच आहे. किकचा ठोका पडताना बेस क्षणभर दबतो आणि लगेच फुगून वर येतो. ते इतकं नेमकं बसवलंय की हलक्या आवाजातही पाय हलतो. ‘हायर दॅन एव्हर बिफोर’मध्ये तर हाउस सोडून ड्रम अँड बेस या जास्त वेगवान प्रकाराच्या वाटेला जातात. ते गाणं माझ्या सेटमध्ये कुठेच बसत नाही, तरी सगळ्यात जास्त वाजतं तेच.

२०२४ चं ‘शीज गॉन, डान्स ऑन’ हे गाणंही लगोलग घेतलं. ते घराबाहेर, मोठ्या स्पीकरवरच ऐकावं. अल्बमच्या लांब आवृत्त्या निघाल्या तर पुन्हा पैसे टाकीन, कुरकुरत का होईना. वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइलसाठी मात्र जास्तीचे पैसे मागत होते, ते दिले नाहीत. ३२० केबीपीएसचा एमपीथ्री आणि वेव्ह माझ्या स्पीकरवर ओळखून दाखवा, मग बोलू.